जुन्या अँटेना-रोटरचा कंट्रोल बॉक्स: दुरुस्ती कशी करायची आणि बदलायचा कधी

अँटेना-रोटर म्हणजे उंचावरची अँटेना फिरवणारी मोटर, आणि कंट्रोल बॉक्स म्हणजे ती चालवणारा खोलीतला डबा. बटण दाबलं की दिवा लागतो, डब्यातून किंवा वरून मंद घुमल्यासारखा आवाज येतो, आणि अँटेना मात्र जागची हलत नाही. असं झालं की बहुतेक जण थेट शिडी काढतात. मोटर गेली, असंच पहिल्यांदा मनात येतं. माझं सांगणं याच्या उलट आहे. मोटरला हात लावण्याआधी खाली, खोलीत बसून, कंट्रोल बॉक्सच्या मागच्या स्क्रूंवर मल्टिमीटर (व्होल्टेज आणि ओहम मोजणारा मीटर) लावा. वर चढायची गरज आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळतं. वरची मोटर ओतीव धातूच्या कवचात असते आणि वर्षानुवर्षं टिकते. आधी दमतो तो खालचा डबा, आणि त्यातही बहुतेक वेळा एकच भाग, तो म्हणजे कपॅसिटर.

हे रोटर मुख्यतः अमेरिकेत बनले. ओहायो राज्यातल्या अलायन्स गावच्या अलायन्स कंपनीचे ‘टेना-रोटर’, कॉर्नेल-डुबिलियरचे एआर-२२, टीआर-४४ आणि हॅम-एम, चॅनेल मास्टरचे अनेक नमुने, अशी ही घराणी. दिशादर्शक अँटेना एकाच बाजूचा सिग्नल नीट पकडते, म्हणून वेगवेगळ्या दिशांच्या केंद्रांसाठी ती फिरवावी लागते. अमेरिकेत २००९ साली टीव्ही प्रसारण डिजिटल झालं, तरी ही गरज संपली नाही. डिजिटल सिग्नल कमी पडला की चित्रात मुंग्या येत नाहीत, चित्रच तुटतं. त्यामुळे अँटेनेची दिशा आजही तितकीच महत्त्वाची आहे. हौशी रेडिओवाले तर हेच रोटर अजून रोज वापरतात.

आत नेमकं काय चालतं

रोटरमध्ये कमी व्होल्टेजवर, साधारण २४ व्होल्ट एसीच्या आसपास, चालणारी मोटर असते. तिला दोन सारखी वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात आणि दोन्हींचं एक टोक सामायिक असतं. सामायिक टोकाला ‘कॉमन’ म्हणू आणि उरलेल्या दोन टोकांना ‘अ’ आणि ‘ब’. अ आणि ब यांच्यामध्ये कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग, जोडलेला असतो. तुम्ही अ ला वीज दिलीत की एका वाइंडिंगला ती थेट मिळते आणि दुसऱ्याला कपॅसिटरमधून, थोडी पुढे-मागे सरकून. या सरकण्यामुळेच चुंबकीय क्षेत्र फिरतं आणि मोटर एका दिशेने निघते. ब ला वीज दिली की भूमिका बदलतात आणि दिशाही बदलते.

म्हणजे डब्याचं मूळ काम अगदी साधं आहे: ट्रान्सफॉर्मरने वीज उतरवायची, स्विचने अ किंवा ब निवडायचा, आणि मध्ये कपॅसिटर धरायचा. बाकीचं सगळं, म्हणजे तबकडी, काटा, दिवे, रिमोट, हे अँटेना कुठे पोचली ते दाखवण्यासाठी आहे. दोष शोधताना आधी स्वतःला विचारा की बिघाड फिरवण्यात आहे की दाखवण्यात. हे दोन्ही एकत्र कालवले की माणूस तासन्‌तास भरकटतो.

आता लक्षणं. ही नीट समजली तर निम्मं काम इथेच होतं.

दिवा लागतो, पण मोटरचा आवाज अजिबात नाही: कॉमनची तार तुटली आहे, किंवा वीज ट्रान्सफॉर्मरमधून बाहेरच येत नाही. कॉमन तुटली की परतीची वाट बंद, म्हणून पूर्ण शांतता.

दोन्ही दिशांना नुसतं घुमणं: कपॅसिटर गेला आहे, किंवा अ आणि ब पैकी एक तार तुटली आहे. हे अनेकांना उलटं वाटतं. एक तार तुटली तर एकच दिशा बंद पडेल, अशी आपली समजूत असते. पण दुसऱ्या दिशेलाही त्या वाइंडिंगची मदत लागतेच, ती कपॅसिटरमधून मिळते. एक तार तुटली की दोन्ही दिशा जातात.

एकच दिशा बंद, दुसरी ठणठणीत: स्विचचा संपर्क, किंवा ज्या रोटरमध्ये आत लिमिट स्विच (फेरीच्या टोकाला मोटर थांबवणारे) आहेत तिथे त्यातला एक. कपॅसिटरला इथे दोष देऊ नका.

फिरते, पण रडतखडत: कपॅसिटरची क्षमता उतरली आहे, तारेत व्होल्टेज गळतंय, किंवा वरचं ग्रीस घट्ट झालं आहे. थंडीतच त्रास होत असेल आणि उन्हाळ्यात नसेल, तर संशय ग्रीसवर.

उघडण्याआधी

प्लग काढा. फक्त स्विच बंद करून भागत नाही. या डब्यांपैकी अनेकांत मुख्य वाहिनीकडचा भाग उघडा असतो, फ्यूज नसतो, आणि दोन तारांची वायर रबराची असते. ती वाकवली की तडकते. अशी वायर दिसली तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करा: तीन तारांची नवी वायर, धातूच्या डब्याला अर्थिंग, आणि लाइव्ह तारेत योग्य फ्यूज. मूळ रूप जपण्याची हौस मलाही आहे, पण वायरच्या बाबतीत ती सोडून द्यावी.

वर्षानुवर्षं बंद असलेला डबा थेट बोर्डात लावू नका. सिरीज बल्ब, म्हणजे डब्याच्या वाटेत मालिकेत जोडलेला साधा तारेचा बल्ब, लावून वीज द्या. बल्ब क्षणभर लागून मंद झाला तर ठीक. भगभगीत तसाच राहिला तर ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंगमध्ये शॉर्ट आहे.

डबा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असेल आणि तुमच्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. त्याने व्होल्टेज उतरतं, वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, म्हणून सलग फिरवत बसू नका. आणि तबकडी सिंक्रोनस मोटरवर (जिचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो) चालत असेल तर तीही हळू चालेल: जिथे ६० सेकंद लागायची तिथे ७२.

तारा मोजा

डब्यामागच्या तारा सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी लावा. रंगांवर विसंबू नका. आधीच्या कोणीतरी मध्येच सांधा मारताना रंग बदललेले मी अनेकदा पाहिले आहेत.

तारा सुट्या केल्यावर, तारांच्या टोकांवर ओहम मोजा. तीन तारांच्या रोटरमध्ये तीन जोड्या होतात. दोन जोड्यांचं माप जवळपास सारखं येईल आणि तिसरीचं त्याच्या दुप्पट. दुप्पट आलेल्या जोडीत जी तार नाही, ती कॉमन. मोटर आणि केबल दोन्ही ठीक असल्याची ही पहिली खूण. दोन अर्ध्या मापांत ठळक फरक असेल तर सांध्यात गंज किंवा वाइंडिंगमध्ये बिघाड. एखादी जोडी पूर्ण उघडी दाखवत असेल तर तुटकी तार. आणि ती बहुधा रोटरच्या अगदी तोंडाशी, जिथे केबल वाऱ्याने हलते, तिथेच तुटलेली असते.

माप अगदी कमी असतं, काही ओहमच, म्हणून आधी मीटरच्या दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. शेवटी प्रत्येक तार आणि मास्ट, म्हणजे अँटेनेचा खांब, यांच्यामध्येही पाहा. पाणी शिरलं असेल तर इथे गळती दिसते.

आठ तारांच्या हॅम घराण्यात (हॅम-एम आणि त्याचे वारस) आकडे ठरलेले आहेत, आणि ते पाठ असलेले बरे. हॅम-४ साठी, केबलचा रोध वेगळा धरून:

१ आणि २: ब्रेकचं सोलेनॉइड (ब्रेक ओढून सोडवणारं विद्युतचुंबक), सुमारे ०.७५ ओहम
१ आणि ४: अर्धी मोटर, २.५ ओहम
१ आणि ८: उरलेली अर्धी, २.५ ओहम
४ आणि ८: पूर्ण मोटर, ५ ओहम
८ आणि ५, तसंच ४ आणि ६: लिमिट स्विच, जवळपास शून्य
३ आणि ७: दिशा दाखवणारा पोटेन्शिओमीटर (सरकत्या संपर्काचा बदलता रोध), ५०० ओहम

१-३ आणि १-७ ही दोन मापं अँटेनेच्या दिशेनुसार बदलतात, पण त्यांची बेरीज ५०० च्या आसपास यायला हवी. बेरीज बरीच जास्त आली किंवा आकडा नाचत राहिला तर पोटेन्शिओमीटरचा सरकता संपर्क मळला आहे. हा दोष खरोखर वरचा आहे. तेव्हाच शिडी काढा. एकट्याने चढू नका, आणि मास्ट आडवा केला तर जवळच्या वीजवाहिनीला लागणार नाही याची आधी खात्री करा.

कपॅसिटर

इथे थोडं थांबतो, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

डब्यातला मोटर-कपॅसिटर एसीसाठीचा, ध्रुव नसलेला असतो. त्यावर प्लस-मायनसची खूण नसते आणि व्होल्टेज एसीत लिहिलेलं असतं. जुन्या डब्यांत तो एसी इलेक्ट्रोलायटिक असतो आणि आतलं द्रावण काळाबरोबर सुकतं. हॅम-४ मध्ये तो १२० ते १४० मायक्रोफॅरडचा असतो. टीव्हीच्या लहान रोटरमध्ये आकडा वेगळा असू शकतो, तेव्हा अंगावर छापलेलंच प्रमाण माना.

तपासण्यासाठी आधी त्याची दोन्ही टोकं क्षणभर जोडून तो रिकामा करा. रोटर जोडलेला असताना तो वाइंडिंगमधून आपोआप रिकामा होतो, पण तारा काढून टेबलावर डबा चालवून पाहिला असेल तर त्यात भार उरलेला असतो. मग एक टोक सोडवून क्षमता मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा १०-१५ टक्क्यांहून कमी असेल तर बदला. फुगला असेल, बुडाशी चिकट डाग असेल, तर मोजायचीही गरज नाही.

एक फसवी चाचणी सांगतो. टेबलावर, रोटर न जोडता, बटण दाबून कॉमन आणि अ यांच्यात व्होल्टेज पाहिलं तर पूर्ण येतं. कॉमन आणि ब यांच्यातही जवळपास पूर्णच येतं. त्यावरून कपॅसिटर ठीक आहे असा निष्कर्ष काढू नका. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह ओढतो की मरणासन्न कपॅसिटरही त्याला पुरतो. खरा भार मोटरचा. पटकन खात्री करायची असेल तर जुन्याचं एक टोक सोडून त्या जागी चांगला कपॅसिटर क्लिपांनी लावा आणि बटण दाबा. अँटेना निघाली की निकाल लागला.

बदली घेताना तीन गोष्टी. मायक्रोफॅरड मूळच्या जवळ हवेत. जास्त घातले तर जास्त जोर येईल, ही समजूत चुकीची आहे, त्याने वाइंडिंगमधला प्रवाह बिघडतो आणि मोटर तापते. व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा त्याहून जास्त हवं. वाइंडिंग आणि कपॅसिटर मिळून त्याच्या टोकांवर पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज उभं राहतं, म्हणून २४ व्होल्टच्या मोटरला २५ व्होल्टचा कपॅसिटर पुरेल असं धरू नका. आणि साधा, ध्रुव असलेला एकच इलेक्ट्रोलायटिक कधीही लावू नका. एसीवर तो तापतो आणि फुटतो.

योग्य भाग मिळत नसेल तर दोन साधे इलेक्ट्रोलायटिक पाठीला पाठ लावता येतात: दोघांची मायनस टोकं एकमेकांना जोडायची आणि दोन्ही प्लस टोकं बाहेर काढायची. अशा जोडणीत क्षमता निम्मी होते, म्हणजे २७० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचे दोन घेतले तर १३५ मिळतात. रोटर एका वेळी मिनिटभरच फिरतो, म्हणून हे चालून जातं. तरी माझी पसंती मोटर-रन प्रकारच्या पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरला. आकाराने मोठा असतो, डब्यात मावत नाही, वेगळ्या डबीत ठेवावा लागतो, पण तो सुकत नाही.

डब्यातलं बाकीचं

स्विचच्या पात्यांवर काळा थर बसतो. सँडपेपर वापरू नका, वरचा मुलामा निघून जातो. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्कांच्या मधून ओढा, पट्टी स्वच्छ येईपर्यंत.

ट्रान्सफॉर्मर तपासायचा तर भाराखालीच. मोकळा असताना २६ दाखवणारा आणि बटण दाबताच कोसळणारा ट्रान्सफॉर्मर एकतर आतून शॉर्ट असतो, किंवा बाहेर काही शॉर्ट असतं. तारा सोडून पुन्हा मोजलं की यातलं कोणतं ते कळतं. काही डब्यांत तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कटआउट असतो. बराच वेळ फिरवल्यानंतर सगळं एकदम बंद पडलं आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू झालं, तर तो आपलं काम करतोय. त्याला बायपास करू नका.

काट्याचा मीटर असलेल्या डब्यांत काट्यासाठी वेगळा छोटा डीसी पुरवठा असतो. काटा पूर्ण टोकाला जात नसेल, थरथरत असेल, तर त्यातला फिल्टर कपॅसिटर बदला आणि झेनरचं (व्होल्टेज स्थिर धरणाऱ्या डायोडचं) व्होल्टेज पाहा. सेलेनियमचा जुना रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) दिसला तर त्याजागी सिलिकॉन डायोड लावा. सिलिकॉनमध्ये व्होल्टेज कमी गळतं, म्हणून पुढे व्होल्टेज वाढेल. ते मोजून मालिकेत रेझिस्टर घालून मूळ पातळीवर आणा. जळणाऱ्या सेलेनियमचा वास घाणेरडा आणि विषारी असतो. तो आला तर प्लग काढा आणि खिडक्या उघडा.

तबकडी आणि अँटेना जुळत नाहीत, ही तीन तारांच्या रोटरची कायमची तक्रार आहे. या डब्याला अँटेनेची दिशा कळवणारी तारच नसते. तो वेळ मोजतो, किंवा आपली छोटी मोटर वरच्या मोटरबरोबर तितकाच वेळ चालवतो, आणि अँटेना तिथे पोचली असेल असं धरतो. वरची मोटर ग्रीसमुळे किंवा वाऱ्यामुळे थोडी मागे पडली की फरक साचत जातो. उपाय: तबकडी एका टोकापर्यंत न्या आणि अँटेनाही शेवटच्या अडसरापर्यंत जाऊ द्या, मग दुसऱ्या टोकापर्यंत. दोन्ही टोकांना दोघं एकत्र पोचले की जुळले. दर आठवड्याला हे करावं लागत असेल तर दोष तबकडीत नाही, वरची मोटर दमते आहे. तबकडीच्या मोटरला हलक्या तेलाचा एकच थेंब द्या आणि प्लॅस्टिकच्या दात्यांच्या चाकाला चीर आहे का ते भिंगातून पाहा.

हॅम घराण्यातला एक नेहमीचा प्रकार: ब्रेकची पाचर दात्यात अडकते. ब्रेक सुटल्याचा ठक्क आवाज येत नाही आणि मोटर नुसती घुमते. उलट्या दिशेला क्षणभर बटण दाबून मग हव्या त्या दिशेला दाबलं की पाचर सुटते. वारंवार होत असेल तर १ आणि २ क्रमांकांच्या तारा बारीक पडतायत. सोलेनॉइड खूप प्रवाह ओढतं, म्हणून या दोन तारा बाकीच्यांपेक्षा जाड घ्याव्या लागतात.

तारेचा हिशेब

०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०३४ ओहम असतो. ३० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर, जवळजवळ २ ओहम. मोटरने २ अँपिअर ओढले तर ४ व्होल्ट तारेतच संपले. २४ पैकी वर २० पोचले. १ चौरस मिलिमीटरची तार घेतली की हे नुकसान निम्मं. नवा डबा घेण्याआधी हा हिशेब करा, कारण बारीक केबलवर नवा डबाही तसाच रडेल.

अंतर फार असेल तर हॅममध्ये एक चांगली सोय आहे. कपॅसिटर डब्यातून काढून, पाणी शिरणार नाही अशा डबीत, वर रोटरजवळ ४ आणि ८ यांच्यामध्ये लावायचा. मग या दोन तारा खाली आणाव्याच लागत नाहीत आणि आठाऐवजी सहा पुरतात. मोकळ्या झालेल्या दोन तारा १ आणि २ ला जोड देऊन जाड करायला वापरता येतात.

बदलायचा तर

ट्रान्सफॉर्मर जळला असेल, प्लॅस्टिकचे भाग चुरा झाले असतील, किंवा डबाच हरवला असेल, तर बदली आली. नाव पाहून डबा निवडू नका. तारा मोजा आणि प्रत्येक तार काय करते ते पाहा. तीन तारांच्या रोटरला दुसऱ्या कंपनीचा तीन तारांचा डबा बहुधा चालवता येतो, पण व्होल्टेज आणि कपॅसिटर जुळत असतील तरच. चॅनेल मास्टरचा रिमोटवाला ९५२१ए याच जातीचा. वेळ मोजणाऱ्या डब्यात पूर्ण फेरीचा वेळही जुळायला हवा, नाहीतर अँटेना फिरेल आणि आकडे खोटे येतील. चार तारांच्या अलायन्समध्ये चौथी तार फिरण्याचे ठोके खाली पाठवते. तिथे तीन तारांचा डबा लावला तर मोटर फिरेल, पण दिशा दिसणार नाही. हॅमच्या वारसांची निर्मिती हाय-गेनच्या नावाने एमएफजे ही कंपनी करत होती आणि तिने २०२४ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणून आठ तारांचा चालू डबा हाती असेल तर तो जपून ठेवा.

साधा पर्याय म्हणजे स्वतः बनवलेला डबा. तीन तारांच्या रोटरला लागतं ते इतकंच: मोटरच्या व्होल्टेजचा, ३ अँपिअरच्या आसपासचा ट्रान्सफॉर्मर, मध्ये ‘बंद’ असलेला आणि सोडल्यावर परत मध्ये येणारा दोनमार्गी स्विच, मूळ आकड्याचा कपॅसिटर, आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी (मुख्य विजेची बाजू), सेकंडरी (उतरलेल्या विजेची बाजू) दोन्हीकडे फ्यूज. सेकंडरीचं एक टोक कॉमनला. दुसरं टोक स्विचच्या मधल्या पिनला. स्विचच्या दोन बाजू अ आणि ब ला, आणि त्यांच्यामध्ये कपॅसिटर. दिशा उलटी आली तर अ आणि ब अदलाबदल करा, कॉमनला हात लावू नका.

मधली ‘बंद’ जागा चैनीची नाही. फिरती अँटेना जड असते. ती पूर्ण थांबण्याआधी उलटी दिशा दिली तर सगळा झटका दात्यांवर येतो. बटण सोडा, दोन-तीन सेकंद थांबा, मग उलटं दाबा. मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रामने चालणारी चिप) आणि रिले (विजेने चालणारे स्विच) वापरून बनवणार असाल तर हाच थांबा प्रोग्राममध्ये घाला, आणि दोन्ही रिले एकाच वेळी कधीच लागणार नाहीत अशी जोडणी तारांमध्येच करा. नुसत्या प्रोग्रामवर भिस्त ठेवू नका.

सगळं जोडल्यावर पूर्ण फेरी दोन्ही दिशांना फिरवा आणि घड्याळ लावा. साधारण एक मिनिट लागेल. दोन्ही दिशांना लागलेला वेळ, कपॅसिटरचा मोजलेला आकडा, प्रत्येक जोडीचे ओहम आणि तारीख एका कागदावर लिहा आणि झाकण लावण्याआधी तो आतल्या बाजूला चिकटवा.